वाटेवर गप्प राहायचं नाही

आबा: बोल. गप्प का झालीस?

सूनबाई: धाप लागलीय, आबा. चढ बघा की केवढा आहे.

आबा: धाप लागली तर थांब, पण गप्प राहू नकोस. दोन्ही बाजूंनी झाडी खांद्याला घासतेय. पुढच्या वळणाआड काय बसलंय ते तुला दिसत नाही, मलाही नाही. अस्वलाला तर आपल्याहून कमी दिसतं. आपण येतोय हे त्याला कानानंच कळायला हवं. कळलं की ते आपणहून बाजूला होतं. त्याला काही आपल्याला भेटायची हौस नसते.

सूनबाई: मग काय बोलू?

आबा: काहीही. पाढे म्हण. मी नवा होतो तेव्हा एकोणतीसचा पाढा म्हणत चालायचो. शाळेत मास्तरांनी छड्या मारूनसुद्धा आला नव्हता, इथं महिन्यात पाठ झाला.

सूनबाई: मी पाढे नाही म्हणणार. इतकी वर्षं आपण एका अंगणात राहतो. तुम्ही सकाळी दूध उंबऱ्यावर ठेवता, खाकरता आणि निघून जाता. मी दार उघडेपर्यंत तुमची पाठ दिसते. आज तुम्हाला माझ्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. ही संधी मी पाढ्यांवर घालवू?

आबा: बरं. मग हात चालवता चालवता बोल. ती काटेरी फांदी मधून नाही तोडायची, बुडाशी धर. कोयता खालून वर. हां. आणि तोडलेलं वाटेच्या खालच्या अंगाला टाक. वरच्या अंगाला टाकलंस तर पहिल्या सरीला परत वाटेवर येऊन बसतं.

सूनबाई: साहेबांना तुम्ही काय सांगितलंत ते कळलंय मला.

आबा: कुणी सांगितलं?

सूनबाई: साहेबांनीच. म्हणाले, तुझे सासरे आमचे मुकादम, वाट राखणारा प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेलाय, आणि तेच म्हणतात की हे बाईमाणसाचं काम नाही.

आबा: साहेबाला अर्धं ऐकायची खोड आहे. मी म्हणालो, हे माझ्या सुनेचं काम नाही.

सूनबाई: त्यात फरक काय?

आबा: फरक आहे. बायकांनी हे काम केलंय. वरच्या वाटेला एक होती, माझ्याहून तरबेज. तिच्या वाटेवर पान आडवं दिसायचं नाही. बायकांचं मला काही नाही. तुझं आहे.

सूनबाई: मग तेच मला तोंडावर सांगायचं होतंत.

आबा: तू तरी मला विचारलंस का? वनखात्यात परस्पर अर्ज देऊन आलीस. मला कळलं चहाच्या टपरीवर. लोक अभिनंदन करायला लागले, सून कामाला लागणार म्हणून. मी आपला मान डोलावतोय.

सूनबाई: विचारलं असतं तर नाही म्हणाला असता.

आबा: म्हणालोच असतो.

सूनबाई: म्हणून नाही विचारलं. वळण आलं, आबा. मोठ्यानं बोलू?

आबा: वळणावर मोठ्यानं. आणि आधी दोन टाळ्या. हं, चल.

सूनबाई: मोठ्यानंच सांगते मग. ह्यांच्या जागेवर मला घेतायत ती काही मेहेरबानी नाही. ह्यांनी इतकी वर्षं ही वाट राखली आणि याच वाटेवर अस्वलापायी चेहरा गमावला. आज वरच्या चौकीपर्यंत जाऊन यायचं आणि तुम्ही साहेबांना हो म्हणायचं, की झालं. तुम्ही नाही म्हणालात तर जागा दुसऱ्याला जाते, आणि जागेबरोबर त्या दोन खोल्याही. मी एवढ्याशा चिमीला आणि ह्यांना घेऊन जाऊ कुठं?

आबा: माझ्याकडे. एका भिंतीचा तर प्रश्न आहे. भिंत पाडू.

सूनबाई: तुमच्याही खोल्या खात्याच्याच. तुम्ही निवृत्त झालात की त्याही जाणार.

आबा: तुझा भाऊ म्हणाला होता ना, या म्हणून.

सूनबाई: भाऊ म्हणाला. वहिनीपण म्हणाली, या की, घर काही परकं आहे का. आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, फक्त भावोजींना मागच्या खोलीत ठेवू, आमची पोरं घाबरतील. वाईट नाही ती. खरं तेच बोलली. पण मी ह्यांना मागच्या खोलीत ठेवणार नाही, आबा. पुढच्या खोलीत, खिडकीशी, आज बसतात तिथंच बसतील. त्यासाठी मला अस्वलांतून जावं लागलं तरी जाईन.

आबा: बोलायला सोपं आहे.

सूनबाई: बोलायलाच तर लावलंय तुम्ही.

आबा: थांब. हे ऐकू येतंय?

सूनबाई: पाणी.

आबा: पहिला ओढा. आता नीट ऐक, हे मी एकदाच सांगणार आहे आणि पुढच्या ओढ्याला आठवण करून देणार नाही. इतका वेळ आपण बोलत होतो, ठीक. आता पाण्याचा आवाज सुरू झाला. इथून पुढं तू कितीही बोंबललीस तरी त्या काठाला ऐकू जात नाही. आणि अस्वल कुठं असतं? पाण्यावर. पाणी पितं, दगडाखाली किडे शोधतं, उन्हाचं तिथंच पडून राहतं. त्याला पाण्याच्या आवाजात काही कळत नाही आणि आपण एकदम त्याच्या पुढ्यात उभे. म्हणून पाणी दिसायच्या आत थांबायचं. काठीनं दगडावर ठोकायचं, जोरात. दगडाचा आवाज पाण्यातून आरपार जातो. मग उभं राहायचं. दोन्ही काठ बघायचे. पुन्हा ठोकायचं. मगच खाली उतरायचं. ठोक.

सूनबाई: एवढं पुरे?

आबा: दारावर पाहुणा आल्यासारखं काय ठोकतेस? वसुलीला आल्यासारखं ठोक. हां. आता बघ. काही हललं नाही ना? उतर. पिशवीचा पट्टा सोड, पडलीस तर पिशवी जाऊ दे, तू नको जाऊस. तोंड पाणी येतं तिकडं. काठी पुढं रोव. काळा दगड दिसतो त्यावर पाय द्यायचा नाही, शेवाळ असतं. दोन दगडांच्या मधे, वाळूत. एक पाय पक्का बसला की मग दुसरा.

सूनबाई: मांडीपर्यंत येतंय. गार आहे.

आबा: गारच असायचं. पायाकडं नको बघू, गरगरतं. पलीकडच्या झाडाकडं बघ. सावकाश. आपल्याला कुठल्या लग्नाला जायचं नाहीये.

सूनबाई: आले. तुम्ही या.

आबा: मी आलोच. चल, पुढं हो, बोलायला लाग. ओला पाय थांबला की गारठतो.

सूनबाई: आबा, एक विचारू? तुम्ही ह्यांच्या खोलीत का येत नाही?

आबा: दुसरं काही बोल.

सूनबाई: दुसरं काही सुचत नाही. मी आरशावर टॉवेल टाकलाय, तो काढायला देत नाहीत. जेवण मिक्सरमधून काढून चमच्यानं भरवते, मला बघू देतात, चिमीला बघू देतात. ती तर आता त्यांच्या मांडीवर बसून अभ्यास करते. पण रोज सकाळी तुम्ही खाकरलात की मान दाराकडं वळते. दूध आत येतं, तुम्ही येत नाही. मग मान परत खिडकीकडं.

आबा: मला राग आहे त्याचा.

सूनबाई: कसला राग?

आबा: मीच शिकवला ना त्याला. पहिल्या दिवसापासून सांगत आलो, गप्प राहायचं नाही. त्यालाही सवय लागली. चौकीवर सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. सकाळी सुरू झाला की संध्याकाळी बंद.

सूनबाई: रेडिओ? ह्यांना?

आबा: तुला कुणी सांगितलं नाही?

सूनबाई: घरी तर बंदच असायचा. आल्यावर पाय धुवायचे, जेवायचे, भिंतीला टेकून बसायचे. मी विचारायची, काय झालं आज? म्हणायचे, काही नाही. आई म्हणायची, बरा आहे, निदान भांडत तरी नाही. मूग गिळून बसणारा नवरा मिळाला म्हणून मी किती रडलेय, तुम्हाला काय सांगू.

आबा: इथं तोंडाला विसावा नसायचा. आणि मग एकाच दिवशी, एकटा होता त्या दिवशी, गप्प चालला. दुसरं काय? अस्वल उगीच अंगावर येत नाही. अंगात मस्ती आली असणार, वाट माझ्या पायाखालची म्हणून. मी तासाभरानं चौकीवरून पोचलो तर... त्याचा राग आहे मला. आणि त्या चेहऱ्याकडं बघून राग धरवत नाही, म्हणून बघत नाही. झालं समाधान?

सूनबाई: ते गप्प नव्हते.

आबा: तुला काय माहीत?

सूनबाई: मी विचारलंय. एकदा नाही, खूपदा. म्हटलं, वाटेवर बोलत राहायचं असतं म्हणतात, मग तुम्ही गप्प होतात का? तर मान हलवली, नाही. तोंडानं बोलता येत नाही, म्हणून हाताची अशी चोच केली, हे बघा, आणि उघडमीट केली. बोलत होतो. शेवटपर्यंत. चिमी हसली, तिला वाटलं बदक करून दाखवतायत.

आबा: बोलत होता?

सूनबाई: बोलत होते.

आबा: बोलतच पाण्यावर गेला म्हणजे. थांबला नाही, ठोकलं नाही. आपला आवाज आपल्याला ऐकू येत असतो ना, डोक्यात घुमत असतो. मग वाटतं सगळ्यांना ऐकू जातोय. ही चूक बोलणाऱ्याचीच. गप्प माणूस पाण्याजवळ भिऊन ठोकतो तरी.

सूनबाई: आबा, थांबायचं का जरा?

आबा: नाही. चालत राहा. तू बोल.

सूनबाई: चिमीचा दात पडला काल. तिनं तो ह्यांच्या हातात दिला, ठेवा म्हणाली, तुमचे कमी झालेत ना. ह्यांनी मूठ मिटली ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही. मी भरवायला बसले तरी मूठ तशीच. मला हसू येत होतं आणि... ही नेच्याची पानं किती माजलीयत, आबा. वाट कुठाय हेच कळत नाही.

आबा: पायाला विचार. घट्ट लागलं तर वाट, भुसभुशीत लागलं तर चुकलीस. इथं कितीतरी महिने कोणी आलेलं नाही. त्याच्यानंतर कोणी आलंच नाही.

सूनबाई: म्हणजे ती जागा पुढंच आहे?

आबा: पुढं आहे. घाबरलीस?

सूनबाई: घाबरले. घाबरू नको?

आबा: घाबर. न घाबरणारं माणूस मी कामाला घेत नाही. बरं, तुला रेडिओच्या गमती सांगू?

सूनबाई: आता? सांगा.

आबा: एकदा साहेब आमच्याबरोबर आला होता, नवीनच. शहरातला, शांतता शोधायला आलेला. म्हणाला, पक्ष्यांचे आवाज ऐकू या. तुझा नवरा म्हणाला, हो साहेब, आणि लागला बोलायला. घराचं छप्पर गळतं, पत्रा बदलायला पाहिजे, कोणता पत्रा चांगला, सगळं. साहेब म्हणाला, अरे पक्षी. हा म्हणाला, पक्षी आहेत साहेब, ते कुठं जात नाहीत, आणि पुन्हा पत्रा. चौकी येईस्तोवर पत्रा.

सूनबाई: छपराचं मला एका शब्दानं बोलले नाहीत. एके दिवशी पत्रे घेऊनच आले. मला वाटलं, मी सांगून सांगून थकल्यावर कुणीतरी यांच्या कानात ओरडलं असेल.

आबा: आणि तू पहिल्यांदा माहेरी गेलीस तेव्हा? हळद संपली, मीठ सापडत नाही, तिनं कुठं ठेवलंय कोण जाणे, घर कसं रिकामं वाटतं. त्या दिवशी मला म्हणायला लागलं, बाबा रे, जरा हळू, मी तुझा बाप आहे.

सूनबाई: हे म्हणाले असं? घर रिकामं वाटतं म्हणाले?

आबा: म्हणाला. आमच्यात एक रीत आहे. वाटेवरचं बोलणं वाटेवर ठेवायचं, घरी न्यायचं नाही. माणूस भीतीपोटी काय काय बोलतो, त्याचा कुणी हिशोब धरायचा नाही. म्हणून मी तुला कधी सांगितलं नाही. आता तूच वाटेवर आहेस.

सूनबाई: अजून काय म्हणायचे?

आबा: खूप. पण काय म्हणायचा त्यापेक्षा कुणाला म्हणायचा, हे मला आधी कळायचं नाही. मी मागं आहे तर मला म्हणत असेल असं वाटायचं. मी हुंकार द्यायचो. मग एकदा कळलं, हा माझ्याशी बोलतच नाहीये. तुला माहितीये तो कुणाशी...

सूनबाई: थांबा, आबा.

आबा: अगं ऐक तरी, तो रोज...

सूनबाई: थांबा म्हणतेय ना. पाणी आलं. ठोकू द्या.

आबा: ठोक.

सूनबाई: पुन्हा ठोकते. तुम्ही डावीकडं बघा, मी उजवीकडं बघते.

आबा: डावीकडं काही नाही.

सूनबाई: समोर. त्या काठावर, झुडूप हलतंय. वारा नाहीये, आबा.

आबा: पळायचं नाही. हात वर घे, काठी वर. ठोकत राहा. माझ्या अंगाला चिकटून उभी राहा. नजरेला नजर देऊ नकोस.

सूनबाई: वर चाललंय. दिसलं तुम्हाला? काळं. मागं लहानगं आहे एक.

आबा: दिसलं. जाऊ दे. जाऊ दे तिला, पोरवाली आहे. आपल्याला कुठं घाई आहे.

सूनबाई: गेली.

आबा: अजून उभं राहू. अजून. आता उतर. पट्टा सोड. इथं पाणी जास्त ओढतं, दोर आहे बघ बांधलेला, पण दोराला लोंबकळायचं नाही, नुसता हात. कुजलाही असेल.

सूनबाई: पलीकडं चिखलात पाऊल आहे तिचं. अजून त्यात पाणी भरतंय.

आबा: हं.

सूनबाई: आबा, तुम्ही हे मुद्दाम केलंत.

आबा: आधी वर ये. हात दे.

सूनबाई: आले मी. माझा हात सोडा आणि सांगा. पाणी येणार हे तुम्हाला माहीत होतं. नेमकं त्याच वेळी मला त्यांचं सांगायला लागलात, मी ऐकत राहीन आणि पाण्यात जाईन म्हणून.

आबा: हो.

सूनबाई: मी चुकावं म्हणून.

आबा: हो. चुकली असतीस तर मला नाही म्हणता आलं असतं, आणि खोटंही बोलावं लागलं नसतं. तू चुकावीस असं मला फार वाटत होतं, पोरी. तुझ्या पिशवीचा बंद मी केव्हापासून मुठीत धरला होता. पाण्यापर्यंत जाऊ दिलं नसतं.

सूनबाई: माहीत आहे. मागून ओढ लागत होती.

आबा: मला पुन्हा त्या चौकीत बसून वाट बघायची नाहीये. एकदा बघितली. माणूस वेळेवर येत नाही, मग थोडा उशीर होतो, मग आपण दाराशी येतो, मग वाटेला लागतो, मग धावतो. धावायचं नाही असं आयुष्यभर लोकांना सांगितलं आणि स्वतः धावलो. तुझ्यासाठी धावायची ताकद नाही आता माझ्यात. एवढंच होतं. बाई-बुवा काही नव्हतं.

सूनबाई: मग हे मला घरी सांगायचं होतंत.

आबा: घरी कोण बोलतं? आमच्या घराण्यात कुणी घरी बोललंय का?

सूनबाई: ही तीच जागा ना?

आबा: हीच. त्या पांढऱ्या दगडाशी पडला होता.

सूनबाई: आता ते राहिलेलं सांगा. ते खरं होतं का, की मला भुलवायला बनवलंत?

आबा: खरं होतं. पोराच्या नावावर खोटं सांगेन का मी?

सूनबाई: मग कुणाशी बोलायचे?

आबा: तुझ्याशी. आणि कुणाशी? झाडीत शिरला की सुरू, अगं ऐकतेस का, आज असं झालं. अगं, साहेब असं म्हणाला. अगं, मला भीती वाटली आज. रोज. जाताना, येताना. मला मागं चालायची लाज वाटायची, नवरा-बायकोच्या मधे बसल्यासारखी. एकदा म्हटलं मी त्याला, हे तिला घरी जाऊन सांग की. तर म्हणाला, सांगतो ना सगळं. खरंच तसं वाटायचं त्याला. दिवसभर तुला सांगून झालेलं असायचं. घरी येईस्तोवर त्याच्याकडं काही उरायचंच नाही.

सूनबाई: आणि मी विचारायची, काय झालं आज.

आबा: रडून घे. पण मोठ्यानं रड, इथं मुकाट्यानं काही करायचं नाही.

सूनबाई: नाही रडत. चौकी किती लांब आहे इथून?

आबा: ती दोन वळणं, मग चढ, की दिसते. एवढा तुकडा तुला एकटीनं जायचंय. चौकीच्या दाराला हात लावायचा आणि परत यायचं. मी वर वळणाशी, पाण्याचा आवाज मागं पडतो तिथं, उभा राहून ऐकणार. आवाज तुटता कामा नये. तुटला तर मी येईन, आणि मग हे काम तुझं नाही.

सूनबाई: काय बोलायचं ते मी ठरवू?

आबा: तूच ठरव. नीघ.

(ती वळणाआड जाते. आवाज लांब लांब होत जातो, पण तुटत नाही.)

सूनबाई: अहो, ऐकताय का? मी आहे. तुमच्या वाटेवर आलेय. बघा तरी, किती माजू दिलीय सगळ्यांनी, तुम्हाला चाललं नसतं. अहो, मला राग होता तुमचा. मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही. इतकी वर्षं तसंच वाटायचं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. मीपण कुठं बोलले? भांडी आपटायची मी. आता वळण आलंय, टाळ्या वाजवते. अहो, चिमीचा दात तुमच्या उशीखालून मी काढलाय, डबीत ठेवलाय, शोधत बसू नका. मला भीती वाटतेय. मघाशी अस्वल बघितलं. ती निघून गेली, तिचं पोर होतं बरोबर. मला तिचा राग आला नाही, येईल असं वाटलं होतं. आज घरी आले की हे सगळं परत सांगणार आहे मी तुम्हाला, रीत गेली चुलीत. चौकी दिसतेय. दाराला हात लावलाय, आबांना सांगायला साक्षीदार कुणी नाही, तुम्हीच आहात. आता परत फिरते. अहो, ऐकताय ना?

आबा: दिसलीस. सावकाश उतर, उताराला घाई नको.

सूनबाई: ऐकू येत होतं?

आबा: चौकीपर्यंत.

सूनबाई: सगळं?

आबा: आवाज ऐकत होतो मी. शब्दांकडं लक्ष नव्हतं.

सूनबाई: तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आबा.

आबा: नाही येत. उद्या निघताना पोटभर पाणी पिऊन नीघ. नाहीतर दुपारपर्यंत घसा बसतो.

सूनबाई: उद्या? म्हणजे साहेबांना तुम्ही...

आबा: साहेबाला उद्या सांगेन. त्याच्या आधी पोराला सांगू दे. तू पुढं चल, आणि घरी गेल्यावर त्याच्या खिडकीजवळ माझ्यासाठी एक खुर्ची ठेव.